बंद झालेली चवली

माझ्या लेकीचा, गोदीचा, आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, ओठ जांभळे पडायलेले, आणि घशातून नुसतं खर्र खर्र. सतरंजीवर चिल्लर सांडलेली, तिच्यातली दोन आण्याची चवली दिसेना. मी तिच्या घशात बोट घातलं, पालथी धरली, पाठीत धपाटे मारले, काही नाही. दाराकडं पळाले. दाराला बाहेरून कुलूप. ते रोजच असतं, मला काय ठाऊक नव्हतं का, तरी दार ओढतच राहिले.

मग खिडकीशी येऊन ओरडले, धावा हो, लेकरू चाललं माझं. सुलतान बाजारातल्या त्या गल्लीत मराठी कोणाला कळणार. पण समोरची बांगड्या विकणारी बाई आली, सगळे तिला खालाबी, म्हणजे मावशी, म्हणतात. बुरखा वर करून आत बघितलं.

"चाबी किधर है?"

"ह्यांच्यापाशी. दुकानात."

"उत्ता टैम नई है अम्मा. बच्ची कू देओ."

खिडकीचा एक गज खाली मोडून वाकलेला, तिथं वीतभर फट. तिनं दोन्ही हात आत घातले. आणि मला मायचं बोलणं आठवलं. सासरी धाडताना, गाडीत बसवताना ती म्हणाली होती, "शहर हाय ते बाई. परक्याच्या हातात लेकरू देऊ नको, पाणी मागितलं तरी दार उघडू नको." निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली आमच्या गावानं काय काय बघितलेलं, माय उगीच नव्हती भीत. खालाबीशी मी तोवर धड बोललेसुद्धा नव्हते. ती बोट दाखवायची, मी मान हलवायची, तेवढंच.

मी गोदीला आडवी केली आणि फटीतून बाहेर दिली. आधी डोकं, मग खांदा, मग पाय. खालाबीनं तिला बुरख्यात घेतली आणि पळत सुटली. वळणावर दिसेनाशी झाली. माझे हात कोपरापर्यंत गजाबाहेर, तसेच.

आता किती वेळ गेला ते मला विचारू नका.

मी नांदेडकडची. तिसरीपर्यंत शिकले, मग शेण-पाणी. लग्न झालं तेव्हा आमचं गाव आणि हे शहर एकाच राज्यात होतं, म्हणून बाबा म्हणाले, "लांब कुठं चालली, आपल्याच मुलखात तर हाय." काचीगुड्याच्या ठेसनावर उतरले, पोटात तिसरा महिना. पंधरवड्यात एकदा नळाला पाणी भरायला गेले आणि गल्ली चुकले. जिकडं बघावं तिकडं कापडाचीच दुकानं, सगळी सारखी. तेलगूत विचारतात, उर्दूत सांगतात, मी घागर घेऊन दिवस मावळेपर्यंत फिरले. हे रडत सापडले मला. होय, हे रडत होते. दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. "तू हरवलीस तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू," म्हणाले. मारत नाहीत, शिवी नाही, जेवण झाल्यावर माझं ताटसुद्धा उचलतात. आणि सकाळी कुलूप लावून कापडाच्या दुकानावर जातात.

त्याच वर्षात हाली बंद पडली. निजामाचे पैसे म्हणजे हाली, आम्ही लहानपणापासून तेच बघितलेले. आता हिंदुस्थान सरकारचे पैसे, कलदारच, चालणार म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकं ह्यांच्या गळ्यात जुनी चिल्लर मारायची, दुकानाचा शेठ ती घेईना, हे घरी आणून कोनाड्यात टाकायचे. "फेकून दे, भिकारीबी घेत नाही." मी फेकली नाही. चिंचेनं घासून डब्यात ठेवली. भाजीवालीनं बघितलं तर तिनं तिची दिली खिडकीतून. खालाबीनं मूठभर दिली, आणि हसून शेजारणीला म्हणाली, "हौली है, खोटे पैसे जमा करती." हौली म्हणजे खुळी.

भोकाचे पैसे मी दोऱ्यात ओवून गोदीच्या कंबरेला बांधले, आमच्याकडं दृष्टीसाठी बांधतात तसे. चवलीला भोक नसतं. तिच्यावर चारमिनार असतो. ह्या शहरात राहून मी चारमिनार बघितला तो तेवढाच, नखाएवढा. दुपारी चिल्लर पसरून बसायची. हा पैसा कोण्या फुलवाल्याच्या हातून आला असंल, ही चवली आमच्या गावच्या बाजारातूनबी फिरून आली असंल, कुणी सांगावं. ते पैसे हिंडून हिंडून माझ्यापाशी येऊन थांबलेले. मलाही कोणी कुठं चालवत नव्हतं. त्या पसाऱ्यात गोदी खेळायची.

खालाबी आली तेव्हा मी खिडकीखाली बसलेली. आधी रडणं ऐकलं. गोदीचंच, खणखणीत. नाक्यावरच्या डॉक्टरनं चिमट्यानं चवली काढली होती. खालाबीनं लेकरू फटीतून आत दिलं, तिचा बुरखा ओकारीनं भिजलेला. "अब दूध नक्को पिलाओ, थोडा ठैरो," म्हणाली आणि बांगड्यांची टोपली उचलून धंद्याला गेली.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे भिंतीला टेकून बसले. "तिनं परत आणली नसती तर?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "आणि मी दिली नसती तर?" जेवले नाहीत. सकाळी कुलूप लावलं आणि दुसरी चावी खालाबीच्या हातात दिली. माझ्या नाही. तिच्या.

ह्याला आता बरेच महिने झाले. मधे भाषेवरून राज्याचे तुकडे झाले. माझं माहेर मुंबई राज्यात गेलं म्हणतात. घर जागचं हललं नाही, विहीर तिथंच, गोठा तिथंच, आणि माझ्यासाठी परमुलूख झाला. मीबी कुठं गेले नाही, ह्याच खोलीत बसून परराज्यातली झाले. गोदी आता चालते. तहान लागली की खिडकीकडं तोंड करून "खाला, पानी" म्हणते. घर कुठलं म्हणून तिला विचारलं तर ती ह्याच खोलीला हात लावंल. माझा हात मात्र कुठंच टेकत नाही.

आज सकाळी तुकादादा आला, माझा मोठा भाऊ. बाहेरूनच बोलला, गजाला धरून. "मायनं सांगितलंय, घेऊनच ये. आता आपल्या बोलीचं राज्य हाय तिकडं. जनावराला तरी दावं सोडून चरायला नेतात, बाई." तिकिटं काढायला गेलाय. दुपारची गाडी. हे दुकानावर, ह्यांना काहीच माहीत नाही. निघाले तर पुन्हा येणं होईल असं मला वाटत नाही, आणि गोदीला तिचा बाप संध्याकाळी दारात लागतो.

खालाबीनं सगळं ऐकलं. ती बाहेर दाराशी चावी घेऊन उभी हाय. विचारते, "खोलूं क्या, अम्मा? तुम बोलो तो खोलती."

गावी मागं राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या सासरी निघून आलेल्यांनो, तुम्ही तिला काय सांगितलं असतं?