हाक मारायची विभक्ती

बायकोने मला फसवलं. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी मी हेच म्हणतो.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं. मी ठाण्यात एका गिरणीच्या रंगखात्यात होतो, बाळकुमहून पायी यायचो. ती एका म्हाताऱ्या ख्रिस्ती मास्तरांकडे भांडी घासायची. त्यांनी जन्मभर लॅटिन शिकवलेलं. मी तिला न्यायला गेलेलो, तेव्हा ती आतून ओरडली, "अहो, ऐकलं का!"

मास्तर हसले. "बाई, लॅटिनमध्ये हाक मारायची वेगळी विभक्ती आहे, आपल्या संबोधनासारखी. व्होकेटिव्ह. 'व्होकारे' म्हणजे हाक मारणे, त्यावरून ते नाव पडलं. आपली 'वाचा' त्याच कुळातली. आणि तुम्ही नवऱ्याला नुसतं अहो?"

मी तिसरीत शाळा सोडलेला. विभक्ती डोक्यावरून गेली. पण हाक मारायला कुणी एवढी सोय करून ठेवली, हे मनात बसलं.

घरी म्हटलं, "अगं, घे की एकदा माझं नाव."

"जीभ झडेल माझी."

"लग्नात उखाणा घेतलास तेव्हा नाही झडली ती?"

"तेव्हा चार बाया चिमटे काढत होत्या!"

महिनाभर मागे लागलो. शेवटी दार लावून, चुलीकडे तोंड करून तिने नाव घेतलं. एकदाच. मी म्हटलं, अडचणीला तरी घेशील? म्हणाली, घेईन, तुमची शपथ.

पुढच्या वर्षी तिच्या पोटात एकदम कळा सुरू झाल्या. मी गिरणीत. शेजारीण नवीनच राहायला आलेली, तिला माझं नाव ठाऊक नाही. तिनेच दवाखान्यात नेलं. नर्सने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ही म्हणाली, "रंगखात्यात आहेत." दवाखान्याचा शिपाई गिरणीच्या गेटवर आला, नाव नाही म्हणून त्याला परत पाठवलं. मी आत कढईत सूत ढवळत होतो.

पाळी सुटल्यावर मला कळलं. धावत पोचलो, तोवर संपलेलं.

शेजारीण रडत म्हणाली, "भाऊ, मी किती विनवलं, सांग गं नाव. म्हणाली, नको, नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं."

शपथ माझी घेतली आणि माझ्यासाठीच मोडली. मला बोलावलं असतं तर निदान हात तरी धरला असता. आयुष्य तेवढं राखलंन माझं. ऐंशी पार केली मी. काय करू त्याचं?