चूलबंद आवतण

पडेगावात विहारापुढं सामुदायिक जेवण ठरलं, की किराण्याची चिंता कोणी करत नसे. सुगंधाबाईंना बोलवायचं, चहा पाजायचा आणि त्या सांगतील ते आणायचं. बाई भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायच्या आणि सुरू व्हायच्या. गहू किती, त्यात मका किती, दळण जाडसर हवं, वांगी लहान बघून आणा, मोठ्यांत नुसत्या बिया. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटून त्यांनी लेकरं मोठी केली होती. त्यांच्या अंदाजानं आणलेल्या सामानात आजवर कोणी उपाशी उठलं नव्हतं आणि पातेल्याच्या तळाला काही उरलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता. तो लपवण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

पावसाळाभर विहारात चाललेल्या वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची समाप्ती आली. भोजनदानाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठरली. विहार समितीचा चिटणीस धम्मपाल शेंद्र्याच्या कारखान्यातली सकाळपाळी करून थेट बैठकीला आला होता.

“मावशी,” तो म्हणाला, “औंदा टेकाडावरच्या घरांनाबी चूलबंद आवतण देऊ.”

चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना आवतण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. टेकाडावर धनगरांची घरं होती. शेळ्यामेंढ्या राखायच्या, जमेल तशी मजुरी करायची, असा त्यांचा संसार. वाटेत भेटलं की रामराम, यापलीकडं येणंजाणं नव्हतं.

“दे की,” सुगंधाबाई म्हणाल्या. “मान राखल्यासारखं व्हईल. पन त्यांचं सामान धरू नको.”

“म्हंजे?”

“आरं, ते खात्यात व्हय आपल्यातलं? तोंडावर हो म्हनतील अन् येनार नायत. माझे केस काय उन्हानं पांढरे झाले?”

“अन् आले तं?”

“आले तं नाव बदलीन माझं.”

बाई हे उगाच बोलत नव्हत्या. लहानपणी गावात त्यांच्या आईच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. शिवाय वाया गेलेलं अन्न त्यांना बघवत नसे. पण खरं सांगायचं तर टेकाडावरच्यांनी येऊ नये, असं त्यांना मनातून वाटतच होतं. रिकाम्या पंगतीकडं बोट दाखवून धम्मपालला ‘बघ, म्हनलं नव्हतं?’ म्हणायचं, हे त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. धम्मपालनं सामानाच्या यादीत टेकाड धरलं नाही. सुगंधाबाईंच्या अंदाजापुढं बोलायची पडेगावात पद्धत नव्हती.

समाप्तीच्या दिवशी दुपारपासून पंगती बसल्या. बट्ट्या वाफवल्या, कापल्या, तळल्या आणि तळता तळता संपत गेल्या. शेवटची पंगत उठली तेव्हा वांग्याचं पातेलं निपटून झालं होतं. बाई पदरानं घाम पुसत खुर्चीवर टेकल्या. टेकाडावरून कोणी फिरकलं नव्हतं.

“काय म्हनलं हुतं?” त्या धम्मपालला म्हणाल्या.

उन्हं उतरली, शेळ्या कोंडल्या गेल्या आणि अख्खं टेकाड खाली आलं. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. पुढं पांढरा पटका बांधलेले आप्पा, मागं त्यांची सून सरूबाई, लग्नाला नेसावं तसं ठेवणीतलं लुगडं नेसलेली. त्यांनी चपला काढल्या, नळावर हात धुतले आणि ओळीनं मांडी घालून बसले. वाढणाऱ्या करुणानं सवयीनं पत्रावळ्या मांडल्या आणि मग सुगंधाबाईंकडं बघितलं.

बट्टीचं पीठ आयत्या वेळी कुठं मिळत नाही, ते सांगून दळून आणावं लागतं. चिमूटभर पीठ शिल्लक नव्हतं. बाईंनीच ठेवलं नव्हतं.

“आये, भूक,” एक पोरगं म्हणालं.

“थांब की. वाढत्यात,” सरूबाईनं दटावलं. मग करुणाकडं बघून ओशाळं हसली. “सकाळधरनं कायच नाय दिलं त्याला. चूलबंद म्हनल्यावर चूल पेटवत नसत्यात ना.”

पोरवयात आईला चिकटून सुगंधाबाई लग्नाच्या मांडवामागं बसायच्या, सगळे जेवून उठायची वाट बघत. तिथं उरलंसुरलं का होईना, पानात पडायचं तरी. इथं त्यांनी नुसती पानंच मांडली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

धम्मपालनं धावाधाव करून चार घरांतून डाळ-तांदूळ गोळा केले. करुणानं खिचडी टाकली. ती शिजेपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून धम्मपाल म्हणाला, “आप्पा, मानूस जास्त आलं. आमचा अंदाज चुकला.”

“चालतंय की,” आप्पा म्हणाले. “बाईंचा अंदाज कधी चुकत नाय म्हनत्यात. आमच्याच टायमाला चुकला बगा.”

सगळे हसले. बाईंनाही हसता आलं असतं. गोष्ट हसण्यावारी गेली असती आणि त्यांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण ते पोरगं रिकाम्या पत्रावळीवर बोट फिरवत बसलं होतं.

“अंदाज नाय चुकला, आप्पा,” त्या म्हणाल्या. “तुमाला धरलंच नव्हतं. तुमी आमच्यातलं खानार नाय, आसं वाटलं मला.”

हसणं थांबलं. धम्मपालनं मान खाली घातली.

आप्पांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. “माझा बाप नसता आला,” ते म्हणाले. “मलाबी लई इचार करावा लागला. पन मंग आवतण कशाला दिलं, बाई?”

नुसता मान राखल्यासारखं दिसावं म्हणून, हे उत्तर तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. बाई उठल्या आणि उगाचच चुलीतली लाकडं पुढं सारू लागल्या. त्या नादात जाळ वाढला आणि खिचडी खाली लागली. तीच त्यांनी सगळ्यांना वाढली, कोणाच्या तोंडाकडं न बघता. करपल्याचा वास सगळ्यांना आला असणार. तरी सगळे जेवत राहिले. पोरांनी तर दोनदा मागून घेतली, आणि त्यांनी मागितली की बाईंना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

निघताना सरूबाई त्यांच्याजवळ आली.

“येत्या आयतवारी पोराचं जावळ हाय. जेवायला या आमच्याकडं.”

“येते की,” बाई म्हणाल्या. पण मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आपल्याला बसवतील कुठं? आणि असं मनात आलं याचीही त्यांना लाज वाटली.

“एकट्या नका येऊ. समद्यांना आना,” सरूबाई म्हणाली. “घरात मानसं किती तुमच्या? तेवढं धरून ठेवते.”

पडेगावातल्या घराघरातली माणसं तोंडपाठ असलेल्या, पण टेकाडावरचं एकही माणूस न धरलेल्या सुगंधाबाईंना स्वतःच्या घरातली माणसं सांगता येईनात.