आमच्या बोअरच्या पाण्याचं गुपित

मैत्रिणींनो, माझे मिस्टर फौजेत आहेत. सध्या कुठं आहेत, ते मी फोनवर कधीच विचारत न्हाय. ते गुपितच राहावं, हे मला पटतं.

पण आज डोकं फिरलं. आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी सरकारी माणसांनी तपासायला नेलं होतं. बाटली मीच भरून दिली होती. आज जळकोटहून एसटीनं त्यांच्या ऑफिसात जाऊन अहवाल मागितला, तर साहेब म्हणले, "ताई, तो गोपनीय आहे."

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "पाण्याचं काय निघालं?"

म्हणलं, "तुमच्या पत्त्यासारखंच. सांगता येत न्हाय."

मग फोन ठेवला.

आता घरात मी एकटीच आहे. समोर त्याच बोअरच्या पाण्यानं भरलेला तांब्या आहे. तुम्हीच सांगा, ह्यात देशाचं कुठलं गुपित आहे?