पूर्वीचा वारा

आमचे वॉटफर्डचे मिलिंदराव मूळचे बोलघेवडे. बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसालाही बॉयलरविषयी सल्ला देणारे. जुलैमध्ये त्यांची बायको, आमच्या मीनलवहिनी, गेल्या आणि त्यांचं बोलणंच आटलं. रडणंही नाही. भूक लागली का विचारलं तर घड्याळ बघून सांगायचे.

लेक, तिचं नाव पूर्वी, अंटार्क्टिकात एका संशोधन केंद्रावर. तिथल्या हिवाळ्यात विमान उतरत नाही, म्हणून आईच्या वेळी तिला येता आलं नाही. आता विमानं सुरू झाली होती. घरी परतायचं की आणखी एक हिवाळा तिथेच काढायचा, हे तिला या आठवड्यात कळवायचं होतं. मिलिंदरावांना ती घरी हवी होती, पण 'ये' एवढं एक अक्षर तोंडातून फुटेना. रविवारच्या फोनवर ते विचारायचे, "वारा कसाय?"

वारा म्हणजे पूर्वीची नोकरीच, वारा आणि त्याने उडणारा बर्फ मोजायची. ती खुलायची. इंग्लंडात वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत पुल्लिंग-स्त्रीलिंग सगळे एकाच रांगेत.

"आधी काहीच हलत नाही, बाबा. मग वारा जोरात झाली की बर्फाची एक कण घरंगळते, उडी मारते. पडताना दुसऱ्यांना धक्का देते, मग ते पण उड्या मारतात. बहुतेक सगळं गुडघ्याच्या खालीच. वर क्लिअर आकाश, आणि स्वतःचे बूट दिसत नाहीत."

"मग जातो कुठे एवढा बर्फ?"

"आडोसा दिसला की मागे साचते. म्हणून आमचं स्टेशन खांबांवर आहे. खालून वारा गेली पाहिजे."

"हं."



"बरं बाबा, येते."

"ये हं."

फोन ठेवला. शेजारचा शशी समोर पोहे खात होता. "काय ठरलं तिचं?"

"येते म्हणाली."

"घरी येते, की फोन ठेवते?"

मिलिंदरावांनी फोन पुन्हा हातात घेतला. निरोप घेताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे वहिनींनी पोरीला पढवलेलं, अगदी फोनवरसुद्धा.

"विचार ना परत."

"नको, कामात असेल."

"अरे, ती वारा मोजते. वारा कुठे पळून चाललाय?"

त्यांनी फोन लावला. "पूर्वी, आत्ता येते म्हणालीस, ते कुठलं?"

"मी फोन ठेवत होते, बाबा." ती थांबली. "पण तुम्ही 'ये' म्हणालात ना? मी तेव्हापासून इथेच बसलेय."

शशीने चमचा खाली ठेवला.

"म्हणालो," मिलिंदराव म्हणाले. मग पुन्हा एकदा, नीट, म्हणाले, "ये."