दोन बोटांचा पट्टा

सौदीतल्या हाइलजवळच्या गव्हाच्या शेतावर याकूब परकारने एकोणीस वर्षं काढली, पण राखणीच्या कुत्र्यांना कधी हात लावला नाही. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने, हे तो दाभोळला लहानपणीच शिकला होता.

वाळूमाशी आजारी कुत्र्याला चावून मग माणसाला चावली की रोग पसरतो, म्हणून गुरांच्या डॉक्टरने कुत्र्यांसाठी माशी दूर ठेवणारे औषधी पट्टे आणून दिले. "पट्टा कातडीला टेकला पाहिजे. खाली दोन बोटं जातील एवढाच सैल," असं त्याने बजावलं. काम याकूबवर आलं. आयुष्यात कधी पाट्या टाकल्या नव्हत्या त्याने, इथे टाकल्या. काठीच्या टोकाने, माळ घालावी तसे पट्टे गळ्यांत अडकवले आणि खलास म्हणून मोकळा झाला.

उन्हाळा सरता सरता समरा कुत्रीच्या डोळ्यांभोवतीचे केस गळले, नखं वेडीवाकडी वाढली. डॉक्टरने तिच्या पट्ट्याखाली बोटं घातली, तर अख्खी मूठ आत गेली.

"कोणी बांधला?"

तपासणीत तोच रोग निघाला. समराला कायमचं झोपवायचं ठरलं.

न्यायला गाडी आली, तेव्हा याकूब पहिल्यांदाच तिच्यापाशी उकिडवा बसला. केसांत हात घालून त्याने पट्टा आवळला. दोन बोटं, बरोबर. आता त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यालाही कळत होतं. समराने त्याचा हात चाटला.

गाडी गेल्यावर तो नळापाशी गेला. एकदा मातीने, सहा वेळा पाण्याने हात धुतले. सात झाले. तरी तो धुतच राहिला.