तांदळात लिहिलेलं नाव

माझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर निम्म्या घाटकोपरला उचक्या लागतील. शाळेत त्या नावाच्या आम्ही पाच जणी. बाईंनी नंबर दिले, त्यात मी चौथी. शेजारची चाळ मालकाच्या आईच्या नावाची, म्हणजे माझ्याच. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी आणि तिच्यासमोरचा शिवणक्लास, त्यांच्या पाट्यांवरही तेच. संध्याकाळी कुणी गॅलरीतून हाक मारली की तीन दारांतून तीन डोकी बाहेर यायची. मला वैताग यायचा. आईला म्हणायचे, "दुसरं काही सुचलं नाही का गं तुला?"

"लग्नात बदलेल. तोवर चालवून घे ना!" ती म्हणायची.

सत्तर सालच्या आसपास बोरिवलीचं स्थळ आलं. माणसं कोकणातली, साधी. सगळं जमल्यावर कळलं, सासूबाईंचं नावही तेच. "ह्याने बायकोला हाक मारायची आणि ओ आईने द्यायची? छे!" असं म्हणून नवऱ्याच्या आत्याबाईंनी माझ्यासाठी नवं नाव ठरवूनही टाकलं. चांगलं होतं, तेव्हाच्या मानाने फॅशनेबल.

लग्नानंतर सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले. नवरा अंगठीने त्यात नव्या नावाचं पहिलं अक्षर काढू लागला आणि माझ्या डोळ्यांना धारच लागली. इतकी वर्षं ज्या नावाला नावं ठेवली, ते जाताना वाटलं, मी घाटकोपरलाच राहिले आणि पाटावर दुसरीच कुणी बसलीय. मला माझं नाव हवं होतं. पण नव्या नवरीने हे बोलायचं कसं?

सासूबाई समोरच होत्या. "रडतंस कित्याक गो? नावासाठी?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी पुढे होऊन तांदळावरून हात फिरवला, अक्षर पुसून टाकलं. "तुझा नाव तुकाच ऱ्हवांदे. माका पण ह्या नाव असल्याच ताटात गावला. माझा नाव दुसराच होता."

आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण पेढे खाल्ले. त्या दिवसापासून घरात सासूबाई थोरल्या आणि मी धाकटी. मला त्या बाईचा लळा लागला तो तेव्हाच.

पुढे एकदा भाकऱ्या थापताना मी विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय हो?" त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं आणि लाजल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं, त्यानंतर त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

मला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात कुठलं नाव सांगायचं, ते मी नणंदेला आधीच सांगून ठेवलं होतं. नणंदेने ते मोठ्याने सांगताच सासूबाई "शिरो करपतलो" म्हणत आत गेल्या. शिरा मघाशीच उतरवून झाला होता.

मुलगी तीन वर्षांची असेल. ती खाली अंगणात खेळत होती, मी गॅलरीतून तिला जेवायला हाक मारली.

"ओ!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी आत गेले. सासूबाई पिठाचे हात तसेच धरून बसल्या होत्या. आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी दंडाने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "परत एकदा साद घाल गो."

मी घातली. अंगणात ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.