ठमीचं घुंगरू

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाय. मालक गेले, त्यांना नाय सांगितलं. पोराला नाय. देवापुढं उभी राहिले तवा बी दुसरंच कायतरी पुटपुटले — पोरांना सुखी ठेव, गुरांना सांभाळ. हे तेवढं गिळत आले.

नातीनं मोबाईल दाखवला. म्हणली, आजी तू नुसतं बोल, अक्षरं आपोआप उठत्यात. ती कॉलेजला गेली की मी बोलते. तुमी कोण, कुठले, मला ठावं नाय. बरंच हाय ते. तुमचं तोंड दिसलं असतं तर बोलले नसते.

मांजराची गोष्ट हाय. हसू नका — म्हंजे हसलात तरी चालंल. मी बी हसले व्हते तवा, भर गाडीत. ते बी सांगते.

आमची वस्ती येडगावच्या अंगाला. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला वाट. मी शिनोलीची लेक. चौथीतून काढलं, शेळ्यांमागं धाडलं, मग इकडं दिली. कष्टाचं काय सांगू? सगळ्या बायांनी केलं तेच मी केलं. पाठ मोडली, पण बसले नाय.

माझ्या सासूबाईंना आमी आत्याबाई म्हणायचो. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. तवापासून त्यांचं समदं माझ्याकडं. अंघोळ, वेणी, लुगडं, ताट. हाताला धरून न्यायचं, आणायचं. मी कधी तोंड वाजवलं नाय. पण त्यांनी बी मला कधी नावानं हाक मारली नाय. "अगं ए" — बास. आयुष्यभर मी "अगं ए".

आन् मग ठमी आली. करडी, पिवळ्या डोळ्यांची, उसातून आली आन् सरळ आत्याबाईंच्या मांडीवर चढली. दुसऱ्या कुणाकडं बघितलंसुद्धा नाय. आमचे बैल इकले व्हते, ट्रॅक्टर आला व्हता, घुंगरमाळ खुंटीला तशीच. त्यातलं एक घुंगरू आत्याबाईंनी चाचपून काढलं आन् तिच्या गळ्यात बांधलं.

कुणी शिकवलं नव्हतं हो. त्या मांजरानं आपल्या आपण सुरू केलं. ठमी पुढं, आत्याबाई मागं. ओट्यावरून खाली, गोठ्याला वळसा, लिंबाखाली. दगड आला की ठमी थांबायची, घुंगरू गप व्हायचं. ते गप झालं की आत्याबाई पाय उचलून टाकायच्या. मी डोळ्यांनी बघितलंय. हाताला धरायला आता मी लागत नव्हते. त्यांचं अंग तापायचं तर आमाला कळायच्या आधी ठमी उरावर जाऊन बसायची, आन् ताप उतरंस्तवर दुधाला तोंड लावायची नाय. हे काय असतं? मागल्या जन्माचं देणं म्हणायचं का? मला कळलं नाय. मला एवढंच कळत व्हतं — त्या तिच्याशी ज्या आवाजात बोलायच्या, तो आवाज त्यांच्याकडं हाय हेच मला इतक्या वर्षांत म्हाईत नव्हतं. "जेवलीस का गं बाय? दमलीस का गं?"

मला कुणी विचारलं व्हतं का कधी, दमलीस का?

तुमी म्हणाल, एवढी मोठी बाई, नातवंडाची धनीण, आन् मांजराचा हेवा? हो. हेवाच. त्याला दुसरं नाव नाय.

एक दिवस गवताचं वझं घेऊन येताना वढ्यात पाय सरकला. मनगट सुजून टम्म झालं. तशीच वझं घेऊन घरी आले. ओट्यावर आत्याबाई. म्हणल्या, "अगं ए, कुठं रमलीस? ठमी उपाशी हाय."

त्या एका वाक्यानं माझ्या आतलं कायतरी गार पडलं. राग नाय आला. राग आला असता तर बरं झालं असतं — राग उतरतो.

आमच्याकडं मांजर मारत नाय. लई मोठं पाप, सोन्याचं मांजर करून काशीला वाहिलं तरी फिटत नाय म्हणत्यात. सोडायचं असलं तर पाणी ओलांडून सोडायचं. पाणी ओलांडलं की त्याला वाट घावत नाय. गणपतीनंतर मला भावाकडं जायचंच व्हतं. ठमीला कापडी पिशवीत घातलं, तोंड बांधलं. त्याच्या आधी गळ्यातलं घुंगरू काढून कमरेला खोचलं. का काढलं? गाडीत वाजू नये म्हणून, असं तवा मनाला सांगितलं.

मीना नदी ओलांडली, पुढं घोड ओलांडली. गाडीत ती ओरडायला लागली. कंडक्टर म्हणला, "मावशी, पिशवीत कोण हाय?"

म्हणलं, "कोंबडी हाय भाऊ, भावाला चाललीया."

"तुमच्याकडच्या कोंबड्या म्याव करत्यात व्हय? अंडी देती का दूध?"

सगळी गाडी हसली. मी बी हसले. पिशवी मांडीवर, आत ती थरथरतीय, आन् मी हसतेय.

शिनोलीच्या अलीकडं भाताच्या खाचरांपाशी उतरले आन् पिशवी सोडली. ती पळाली नाय. बसली. माझ्याकडं बघत बसली. मीच पळाले.

परत आले तवा आत्याबाई ओट्यावर बसून हाका मारत व्हत्या. आवाज बसला व्हता पार. सांगता आलं असतं ना तवा? शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस जेवल्या नसत्या, भावाला फोन करून हुडकून आणली असती. एवढंच तर व्हतं. पण मी उसाच्या कडंला गेले, कमरेचं घुंगरू काढलं आन् बांधावर टाकलं. दुसऱ्या सकाळी शेजारच्या बबनभाऊला ते घावलं. तो वरडतच आला, "वहिनी, वाघानं मांजर नेलं ओ! पार दारातनं नेलं!"

आमी बिबट्याला वाघच म्हणतो. आन् वाघ काय आमच्याकडं नवा नाय — कुत्री नेतो, शेळ्या नेतो. कोण इचारणार व्हतं?

आत्याबाईंनी घुंगरू हातात घेतलं. लई वेळ अंगठ्यानं चोळलं. म्हणल्या, "मांजर वाघाची मावशी. मावशीला कोण खातंय गं?"

मी म्हणलं, "उपाशी वाघाला कसली मावशी आन् कसली काकी."

बबनभाऊ हसला. त्या हसल्या नाय. घुंगरू त्यांनी आपल्या काठीला बांधून घेतलं.

दारातनं मांजर नेलं म्हणल्यावर लोकं घाबरली. लहान पोरं व्हती वस्तीत, माझी नात बी अंगणवाडीतली. वनखात्याला फोन झाले, पिंजरा आला, आत कोंबडी ठेवली. कोंबडी माझीच व्हती, मीच काढून दिली — नाय कसं म्हणणार? थोड्या दिवसांत वाघ अडकला. गाव लोटलं बघायला, मोबाईल वर करून. वाघ नव्हता तो, वाघीण व्हती. पिंजऱ्याच्या गजावर डोकं आपटून कपाळ फुटलं व्हतं. एक म्हातारी हळूच म्हणली, "थानं भरल्यात हिची. पिल्लं असणार उसात."

खात्याच्या माणसांनी पिल्लं लई हुडकली. घावली नाय. वाघिणीला घेऊन गेले. त्यानंतर दिवस कलायला लागला की उसातून बारीक आवाज यायचा. मांजराच्या पिल्लासारखाच. चूल पेटवायची सोडून मी आत भांडी वाजवत बसायची, ऐकू येऊ नये म्हणून. मग तो आवाज बंद झाला.

इथपर्यंतचं समदं मी एखाद्या येळेस सांगितलं बी असतं कुणाला. पुढचं नाय.

दिवाळी झाली व्हती. उन्हं चांगली वर आलेली. समदे कांदा लावायला रानात, घरी मी आन् आत्याबाई. मी गोठ्याच्या मागं शेण काढत व्हते. आन् भिताडाच्या कडंनं ती आली.

दोन नद्या ओलांडून, हो.

नुसता सापळा. एक कान फाटलेला, मागचा पाय उचलून चालत व्हती. मला बघितलं आन् थांबली नाय. माझ्या पायाला घासून, ओट्याच्या दिशेनं. आन् एकदा — एकदाच — ओरडली.

ओट्यावर काठी पडल्याचा आवाज आला. घुंगरू खळकन वाजलं. "आली," आत्याबाई म्हणल्या. "आली गं माझी बाय."

मी ठमीला उचललं. पदराखाली घेतलं, पोटाशी आवळलं. माझ्या डोक्यात काय व्हतं सांगू? वाघिणीचं फुटलेलं कपाळ व्हतं. गाव व्हतं. बबनभाऊ काय म्हणंल, मालक काय म्हणतील. मांजर जितं हाय म्हणल्यावर घुंगरू बांधावर कुणी टाकलं?

आत्याबाई ओट्याच्या कडंला आल्या व्हत्या, हात पुढं. "ऐकलंस का?"

"काय?"

"ठमी वरडली."

मी त्यांच्यापुढं उभी. चार हातांवर. म्हणलं, "वरडायच्या आधी घुंगरू वाजलं का आत्याबाई?"

त्यांनी मान कलती केली. मग म्हणल्या, "न्हाई. घुंगरू न्हाई वाजलं."

"मग?"

त्यांचा हात तसाच खाली हवेत, मांजराच्या पाठीच्या उंचीवर. तो हात मला अजून दिसतो. आन् पदराखाली ती — तुमाला खोटं वाटंल — ती घुरघुरायला लागली. धडपडली नाय, नख मारलं नाय. माझ्याच पोटाला लागून घुरघुरत व्हती. त्यांना ऐकू गेलं का? मला कळलं नाय. त्यांनी हळूहळू हात मागं घेतला.

"वय झालं म्हणायचं माझं," त्या म्हणल्या. "कानानं बी फसवलं."

मी म्हणलं, "व्हतं असं. म्हातारपणी भास व्हत्यात."

रस्त्याला टोमॅटो भरलेला टेंपो उभा व्हता, मुंबईच्या बाजारात जाणारा. डायवर चहाला गेलेला. ताडपत्रीखाली क्रेटच्या मधी मी तिला ठेवलं. मारली नाय — पाप लागतं ना. बघा, पाप कुठं लागतंय हे मी कुठं बघत व्हते.

त्याच्यानंतर आत्याबाई कानावर इसंबल्या नाय. पाऊस आला तरी इचारायच्या, "अगं ए, पडतोय का खरंच, का मलाच वाटतंय?" पोरानं हाक मारली तर मला इचारायच्या, "मारली का त्यानं हाक?" मी हो म्हणले की मग ओ द्यायच्या. डोळे देवानं नेले व्हते. कान मी नेले.

आन् त्या माझा पदर धरून चालायला लागल्या. ओट्यावरून खाली, गोठ्याला वळसा, लिंबाखाली. दगड आला की मी थांबायची, त्या पाय उचलायच्या. एक दिवस त्यांनी मला नावानं हाक मारली. "पारू," म्हणल्या, "दमलीस का गं?"

त्याच आवाजात. मला जे पायजे व्हतं ते समदं मिळालं. अशा मार्गानं मिळालं.

उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या दुपारी अंथरुणातून हात बाहेर काढला, तसाच, खाली, त्याच उंचीवर. म्हणल्या, "पारू, ठमी आलीया का?" हो म्हणायला काय जात व्हतं माझं? एक अक्षर. पण हो म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यातून दुसरंच बाहेर पडलं असतं. म्हणून मी म्हणलं, "नाय आत्याबाई. कोण नाय." त्या म्हणल्या, "तू म्हणतीस तर नसंल."

गावानं माझं नाव काढलं. सून असावी तर पारूसारखी. दहाव्याला सगळे तेच बोलत व्हते आन् मी पत्रावळी मांडत व्हते. काठीचं घुंगरू मी सोडून घेतलं. माझ्या कमरेलाच असतंय. चिंधीत गुंडाळलेलं, वाजत नाय.

आता माझे डोळे अधू झाल्यात. उजव्यानं नुसता उजेड दिसतो. सून चांगली हाय माझी, कामाची हाय. दिवसभर राबती, मी बी तिला कधी इचारत नाय, दमलीस का. जमतच नाय, बघा.

परवा ओट्यावर बसले व्हते. भिताडाच्या अंगानं आवाज आला. एकदाच. मी सुनंला म्हणलं, "मांजर वरडलं का गं?"

ती म्हणली, "नाय आत्याबाई. भास झाला असंल."

खरं बोलली का, मला ठावं नाय. मी पुन्यांदा इचारलं नाय.